आरोपपत्राआधीचे दिवस

'ब्रॉडचर्च' ही ब्रिटिश गुन्हेशोध मालिका २०१३ मध्ये आयटीव्ही वाहिनीवर आली. तिच्या पहिल्या पर्वाच्या आठ भागांत खुनी कोण या प्रश्नाइतकीच जागा वर्तमानपत्रांना मिळाली आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे एक छोटे गाव, समुद्राला भिडलेला उंच कडा आणि कड्याखालच्या वाळूत सापडलेला अकरा वर्षांच्या मुलाचा मृतदेह, अशी तिची सुरुवात आहे. चित्रीकरण डॉर्सेटमधल्या वेस्ट बे परिसरात झालेले असले, तरी दापोली, गुहागर किंवा देवगडच्या माणसाला हे गाव परके वाटणार नाही. तपासावर असलेल्या एली मिलर या पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा मृत मुलाचा मित्र, तिचा भाचा ओली स्थानिक वर्तमानपत्राचा बातमीदार आणि मृत मुलाचे वडील गावातल्या घरोघरी नळकाम करणारे, त्यामुळे कोणाचे कोणाकडे जाणे-येणे आहे हे तिथे कोणापासून लपून राहत नाही. पर्यटकांच्या हंगामावर पोट असलेल्या गावाला खुनाइतकीच खुनाच्या बातमीचीही धास्ती असते, हे आपल्याकडच्या हॉटेलवाल्यांना वेगळे सांगायला नको. (खुनी कोण हे मी येथे सांगणार नाही. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांचा विरस करण्याचे कारण नाही, आणि माझ्या मुद्द्याला त्याची गरजही नाही.)

मालिकेतली वर्तमानपत्रे खोटे छापतात आणि म्हणून ती माध्यमांवरची टीका आहे, असा तिचा अर्थ लावणे सोपे आहे. पण तो बरोबर नाही. नीट पाहिले तर त्यातली जवळजवळ प्रत्येक बातमी खरी असते. पोलिसांनी नाव जाहीर करण्याआधीच ओली मृत मुलाचे नाव ट्विटरवर टाकून मोकळा होतो, आणि ते नाव बरोबरच असते. मुख्य तपास अधिकारी अ‍ॅलेक हार्डी याच्या हातून आधीच्या एका प्रकरणातला महत्त्वाचा पुरावा गेला, असे वर्तमानपत्रे लिहीत राहतात. पुरावा गेलेला असतोच. मात्र तो त्याच्या पत्नीच्या गाडीतून चोरीला गेला होता आणि तिला वाचवण्यासाठी त्याने दोष स्वतःच्या अंगावर घेतला, हे छापणाऱ्यांना ठाऊक नसते. म्हणजे माध्यमांचा अविश्वसनीयपणा येथे असत्यात नाही. अर्धे कळलेले पूर्ण म्हणून सांगण्यात आणि उरलेले अर्धे कळेपर्यंत न थांबण्यात आहे. माझे म्हणणे या थांबण्याविषयीच आहे. संशय व्यक्त झाल्यापासून आरोपपत्र दाखल होईपर्यंतचा जो काळ असतो, त्यात माणसाची जी नासाडी होते तिची जबाबदारी आपल्याकडे ना कायदा नीट घेतो, ना पोलीस, ना वर्तमानपत्र. आणि हा काळ लोकांसमोर उभा करण्याची ताकद ज्या एका प्रकारात आहे, त्या गुन्हेशोध मालिकेने मराठीत हे काम अजून हाती घेतलेले नाही.

'ब्रॉडचर्च'मधला जॅक मार्शल हा वर्तमानपत्रांचे दुकान चालवणारा एकटा म्हातारा. मृत मुलगा त्याच्याकडे सकाळी पेपर टाकण्याचे काम करीत असे, शिवाय जॅक गावातल्या मुलांचे सागरी पथक चालवतो. त्याला पूर्वी एकदा शिक्षा झालेली असते. शिक्षक असताना एका विद्यार्थिनीशी त्याचे संबंध आले, तिचे वय कायद्याच्या मर्यादेच्या थोडेच अलीकडे होते. सुटून आल्यावर त्याने तिच्याशीच लग्न केले, त्यांना मुलगा झाला आणि तो मुलगा लहानपणीच अपघातात गेला. वर्तमानपत्रांच्या हाती यातली फक्त शिक्षा लागते. मुलांना तो मायेने जवळ घेत असे, ही गोष्ट मग निराळ्याच प्रकाशात छापून येते, आणि जी वर्तमानपत्रे तो रोज पहाटे गठ्ठे सोडून दुकानात मांडतो त्यांच्यातच तो स्वतः बातमी होऊन येतो. गावातली माणसे दारात जमतात, पालक मुलांना पथकात पाठवणे बंद करतात, आणि पाचव्या भागाच्या शेवटी जॅक किनाऱ्यावर मृत सापडतो. खून त्याने केलेला नसतो. तोपर्यंत प्रेक्षकानेही त्याच्यावर संशय घेतलेला असतो, कारण दिग्दर्शकाने प्रेक्षकालाही तेवढेच दाखवलेले असते जेवढे वर्तमानपत्राने गावाला दाखवले. कोणताही अग्रलेख हे साधू शकत नाही. अग्रलेख वाचणारा स्वतःला नेहमी शहाण्यांच्या बाजूला धरून चालतो.

ब्रिटनमध्ये हे केवळ कल्पनेतून आलेले नव्हते. डिसेंबर २०१० मध्ये ब्रिस्टल येथे एका तरुणीचा खून झाला आणि पोलिसांनी तिच्या घरमालकाला, एका निवृत्त शिक्षकाला, ताब्यात घेतले. त्याचे केस, त्याचे एकटे राहणे, त्याची वाचनाची आवड अशा सगळ्या गोष्टी जणू पुरावा असल्यासारख्या छापून आल्या. खुनी दुसराच निघाला. जुलै २०११ मध्ये आठ वर्तमानपत्रांनी त्या शिक्षकाची माफी मागून भरपाई दिली, आणि त्यांपैकी दोघांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल ५० हजार आणि १८ हजार पौंडांचा दंड झाला. हा दंड होऊ शकला, कारण तिथल्या १९८१ च्या अवमान कायद्यानुसार अटक झाल्या क्षणापासून प्रकरण न्यायप्रक्रियेत आले असे मानले जाते.

आपला १९७१ चा न्यायालय अवमान कायदा याच ठिकाणी वेगळा आहे. फौजदारी प्रकरण प्रलंबित आहे असे केव्हा मानायचे, याची जी व्याख्या त्यात आहे ती आरोपपत्र दाखल होण्याशी किंवा न्यायालयाने समन्स अथवा वॉरंट काढण्याशी जोडलेली आहे. अटकेतल्या आरोपीविरुद्ध आरोपपत्र दाखल करायला पोलिसांना गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवस मिळतात, आणि ते उलटले तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. एखादा माणूस कोठडीत असतो, स्वतःची बाजू मांडू शकत नाही, त्याचा वकील अजून कागदपत्रे पाहत असतो, आणि नेमक्या याच दोन-तीन महिन्यांत त्याच्याबद्दल सर्वांत जास्त लिहिले व दाखवले जाते. विधी आयोगाने माध्यमखटल्यांवरच्या, म्हणजे न्यायालयाआधी माध्यमांनीच चालवलेल्या खटल्यांवरच्या, आपल्या २०० व्या अहवालात, २००६ मध्येच, ही सीमा अटकेपर्यंत मागे न्यावी अशी शिफारस केली होती. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तपास चालू असताना होणाऱ्या माध्यमखटल्यामुळे न्यायदानात अडथळा येतो असे स्पष्ट बजावले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याची नियमावली तीन महिन्यांत तयार करण्याचा आदेश केंद्रीय गृहमंत्रालयाला दिला. न्यायालये बजावत आहेत, कायद्यातली व्याख्या मात्र जागच्या जागी आहे.

त्यातही एक गोष्ट मला विशेष खटकते. 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' हे वाक्य आपल्या जिल्हा आवृत्त्यांत इतके रुळले आहे, की ते वाचताना कोणी थबकत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये ही तरतूद होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये ती कायम आहे. ज्या गोष्टीवर न्यायाधीश विसंबू शकत नाही, ती वाचकाला सकाळच्या चहाबरोबर शेवटचा निकाल म्हणून मिळते.

कोकणात या सगळ्याचा परिणाम मोठ्या शहरापेक्षा निराळा होतो, आणि तो पाहायचा तर बातमी कशी तयार होते तिथून सुरुवात करावी लागेल. संध्याकाळी उशिरा पोलीस ठाण्याची प्रेसनोट पत्रकारांच्या ग्रुपवर पडते. तिच्यात नाव, वय, वाडी, गाव, तालुका आणि कलमे एवढेच असते. जिल्ह्याचे पान लागण्याची वेळ जवळ आलेली असते. तालुका प्रतिनिधी तुटपुंज्या मानधनावर आणि जाहिरातींच्या कमिशनवर राबत असतो. त्याला उद्याही त्याच ठाण्यातून माहिती हवी असते, म्हणून प्रेसनोटीतल्या वाक्याला प्रश्न विचारणे त्याला परवडत नाही. तो तेच वाक्य उचलतो, पुढे 'या घटनेने पंचक्रोशीत खळबळ उडाली असून उलटसुलट चर्चा सुरू आहे' अशी भर घालतो आणि पाठवून देतो. ती चर्चा त्या वेळी सुरू झालेली असतेच असे नाही. बहुधा ती दुसऱ्या दिवशी ही बातमी वाचूनच सुरू होते.

आता त्या प्रेसनोटीतल्या वाडीकडे पाहू. 'अंधेरीतील ३४ वर्षीय तरुण' असे छापले तर तो लाखो माणसांत मिसळून जातो. आपल्याकडे वाड्या वस्तीच्या, भावकीच्या किंवा समाजाच्या नावाने ओळखल्या जातात; नाव गाळले आणि वाडी, वय, धंदा एवढेच छापले तरी बोट एकाच घराकडे जाते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि नाव न छापण्याचे पथ्य आपली वर्तमानपत्रे सहसा पाळतातही. पण आरोपी तिचा कोण लागतो, ती कितवीत शिकते आणि शाळा कुठल्या गावात आहे हे त्याच बातमीत आले, तर नाव गाळून काय साधले? गावात राहणाऱ्यांना ते नाव कळतेच, आणि सकाळी नऊच्या आत मुंबईतल्या चाकरमान्यांच्या ग्रुपवरही ते पोहोचलेले असते. पुढे वर्ष-दोन वर्षांनी तो आरोपी निर्दोष सुटला, तर त्या निकालाची प्रेसनोट कोणते ठाणे काढते? सुटकेची बातमी मिळवायची तर बातमीदाराने स्वतः न्यायालयात जाऊन बसायला हवे, आणि त्याचे मानधन त्यासाठी नसते.

बाहेरून येणाऱ्या वाहिन्यांची तऱ्हा आणखी वेगळी आहे. १८ ऑगस्ट २०२२ रोजी रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ एक निर्मनुष्य बोट सापडली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली निघाल्या. शेखाडीच्या किनाऱ्यावर १९९३ मध्ये उतरलेल्या स्फोटकांचा आणि २००८ च्या समुद्रमार्गे झालेल्या हल्ल्याचा इतिहास पाहता पोलिसांनी नाकाबंदी करणे योग्यच होते. वाहिन्यांवर मात्र लगेच कटाची चर्चा रंगू लागली. त्याच दिवशी गृहमंत्र्यांनी विधिमंडळात खुलासा केला : बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, मस्कतहून युरोपकडे निघालेली, जूनमध्ये इंजिन बिघडल्यावर खलाशांना एका कोरियन युद्धनौकेने वाचवलेले, आणि सोडून दिलेली बोट पावसाळी समुद्रात भरकटत आपल्याकडे आलेली. कोणी खोटे बोलले नव्हते. बोट होती, बंदुका होत्या. संध्याकाळपर्यंत थांबणे तेवढे कोणाला जमले नाही.

खेडजवळच्या भोस्ते घाटातले प्रकरण मला याहून बोलके वाटते. सप्टेंबर २०२४ मध्ये एका तरुणाने खेड पोलिसांना सांगितले की त्याला या घाटातल्या मृतदेहाचे स्वप्न पडते. पोलिसांनी शोध घेतला आणि तिथे खरोखरच मानवी कवटी आणि हाडे सापडली. ही बातमी मराठी-हिंदीच नव्हे, सगळ्या भाषांतल्या वाहिन्यांनी चालवली, आणि सर्वत्र पुढे होते ते स्वप्न. मृत माणूस कोण, तो केव्हा आणि कशाने मेला, त्याचे घरचे त्याला कुठे शोधत होते, हे तपासाचे प्रश्न मागे पडले. कोकण म्हटले की गूढ असायचेच, या ठरलेल्या साच्यात एक निनावी मृत्यू व्यवस्थित बसवून टाकला गेला. हाच सांगाडा दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात सापडता, तर स्वप्नाला इतका मान मिळाला असता का, याची मला शंका आहे.

हा साचा घडवण्यात मालिकांचाही वाटा आहे, म्हणून त्यांच्याकडे वळतो. झी मराठीवर २०१६ मध्ये आलेली आणि सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेली 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली, तेव्हा कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते अशी ओरड झाली. भुताखेतांवरून कोकणी माणसाने दुखावून घ्यावे हे मला तेव्हाही गमतीचे वाटले होते, कारण त्या गोष्टी रात्री पडवीत बसून आपणच रंगवून सांगत आलो आहोत. आक्षेप घ्यायचा तर तो दुसऱ्या गोष्टीवर घ्यायला हवा. रोज रात्री येणाऱ्या रहस्यमालिकेत घरातल्या प्रत्येकावर पाळीपाळीने संशय यावा लागतो. भाग संपताना कोणाच्या तरी चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो, दुसऱ्या दिवशी तो संशय दूर होतो आणि ज्याच्यावर तो आला होता तो माणूस काहीच न झाल्यासारखा पुन्हा जेवायला बसतो. संशयाची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही. असे शेकडो भाग पाहिलेल्या प्रेक्षकाला संशय घेणे ही फुकटातली करमणूक वाटू लागली, तर तो दोष वाड्यातल्या भुताचा नाही.

यावर कोणी म्हणेल की 'ब्रॉडचर्च'ही तेच करते. तिथेही दर भागात नवा संशयित पुढे येतो आणि प्रेक्षक त्याच ओढीने खिळून राहतो. हे खरे आहे, आणि गुन्हेशोध कथेचा तो मूळ धर्मच आहे. संशय निर्माण केल्याशिवाय तिला चालता येत नाही, म्हणजे एका अर्थाने ती स्वतःच एक अविश्वसनीय माध्यम आहे. फरक एवढाच की ती मालिका जॅकला सोडून पुढे जात नाही. त्याच्या अंत्यविधीला गाव जमते, आणि ज्यांनी त्याला दाराबाहेर पडणे मुश्कील केले होते त्यांना तिथे उभे राहावे लागते. आपल्याकडच्या बहुतेक मालिकांत पत्रकार म्हणजे पोलीस ठाण्याच्या पायरीवर माइक पुढे करून एकदम ओरडणारी चार-पाच माणसे. त्यांना नाव नसते, घर नसते, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाने नंतर कोणाचे काय झाले हे कथेत येत नाही. आणि खटल्याचा निकाल लागलेला नसतानाच 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी लावून मालिका काढायची, हे तर त्या नव्वद दिवसांच्या पोकळीत माध्यमांच्या बरोबरीने स्वतःही उतरणे झाले.

माध्यमांना आवर घाला असे माझे म्हणणे आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, आणि त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या 'दर्पण'पासून मराठी पत्रकारितेचे वय मोजले जाते. तो वारसा आपण मिरवतो ते उगीच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची रिफायनरीच्या वादासंबंधीची बातमी प्रसिद्ध झाली, त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. (आरोपीविषयी मी येथे काही लिहीत नाही, ज्या नियमाचा आग्रह धरतो आहे तो मलाही लागू आहे.) तालुक्याच्या ठिकाणचा बातमीदार गप्प बसला तर जमिनीचे व्यवहार, वाळूचा उपसा आणि ठाण्यातल्या तडजोडी उजेडात आणणारे दुसरे कोणी नाही. तो सत्तेला प्रश्न विचारतो तेव्हा त्याचा जीव जाऊ शकतो, आणि प्रेसनोट जशीच्या तशी उतरवतो तेव्हा त्याला काहीच होत नाही. या उलट्या हिशेबामुळे दुसऱ्या प्रकारच्या बातम्या वाढत जाणार, हे उघड आहे.

चांगला हेतूही पुरेसा नसतो, याचे उदाहरण आपल्याच घरात आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी आणि त्यांचे सहकारी आगरकर यांनी कोल्हापूरच्या छत्रपतींवर अन्याय होतो आहे या तळमळीने तिथल्या दिवाणांविरुद्धची पत्रे 'केसरी' आणि 'मराठा'तून छापली. ती पत्रे बनावट निघाली. दोघांना १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. महाराष्ट्राला आठवतो तो त्यांचा तुरुंगवास, आणि तो आठवावाही. ज्या कारभाऱ्याच्या नावावर ती पत्रे खपवली गेली त्याचे त्या काळात काय झाले असेल, हा प्रश्न मात्र आपल्या शाळेच्या पुस्तकांना पडला नाही.

मराठीत कोकणच्या किनाऱ्यावर घडणारी गुन्हेशोध मालिका पुन्हा कोणी काढणार असेल, तर तिच्यात तो तालुका प्रतिनिधी मुख्य पात्र म्हणून यावा असे मला वाटते. त्याला ठाण्यातल्या हवालदाराशी गोड राहावे लागते, मुंबईच्या डेस्कवरून 'अजून काही मसाला आहे का' असे विचारणारे फोन घ्यावे लागतात, आणि ज्याचे नाव त्याने रात्री घाईत छापायला दिले तो माणूस सुटून आल्यावर त्याच तिठ्यावर, त्याच टपरीवर त्याला रोज भेटतो. यासाठी मालिका आठ-दहा भागांचीच हवी. दर गुरुवारी येणाऱ्या टीआरपीच्या आकड्यांकडे पाहून लांबवल्या जाणाऱ्या मालिकेत सुटलेल्या संशयिताला पडद्यावर ठेवणे म्हणजे नटाचे दिवस वाढवणे, आणि ज्याच्यावर आता संशयच उरलेला नाही त्याच्यासाठी निर्माता ते पैसे मोजत नाही. आठ भागांच्या मालिकेत तो हिशेब जमतो. ओटीटीमुळे तेवढ्या लांबीचे काम मराठीतही होऊ लागले आहे, तेव्हा पाचव्या भागात सुटलेला माणूस सहाव्या, सातव्या आणि आठव्या भागातही त्याच गावात राहत असलेला दिसायला हरकत नाही.